हातोड्यावरचे कबुतर

आमच्या घरी दिवाळीची चाहूल आकाशकंदिलाने लागत नाही, भाजणीच्या वासाने लागते. यंदाही तशीच लागली. सौ. स्वयंपाकघरात सोऱ्या घेऊन बसली होती आणि मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र तोंडापुढे धरून, पहिल्या घाण्यातल्या मोडक्या चकल्या कुणाच्या वाट्याला येतात याचा अंदाज घेत होतो. एवढ्यात आमची नात एक भलामोठा पुठ्ठा घेऊन आली आणि तो तिने सरळ माझ्या वर्तमानपत्रावर पसरला.

या सदराच्या जुन्या वाचकांना आमची नात ठाऊक आहे. प्रश्न विचारण्यात ती आजीवर गेली आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे न हलण्यातही. पुठ्ठ्यावर सतरा रंगीत चौकोन होते. २०१५ च्या सप्टेंबरात १९३ देशांनी संयुक्त राष्ट्रांत बसून ठरवलेली ही १७ उद्दिष्टे. २०३० पर्यंत ती गाठायची, म्हणजे जगाचा विकास होईल आणि झालेला विकास टिकेल. सुट्टीत त्यांचा तक्ता करून आणायला शाळेने सांगितले होते. भुकेच्या चौकोनात नातीने ताट काढले होते, पाण्याच्या चौकोनात पेला, शिक्षणाच्या चौकोनात पाटी. (पाटी तिने आयुष्यात पाहिलेली नाही, पण ते असो.) गाडी अडली होती सोळाव्यापाशी. ‘शांतता, न्याय आणि सशक्त संस्था.’

“आजोबा, पुस्तकात इथे एक कबुतर आहे. चोचीत डहाळी आहे. पण ते हातोड्यावर का बसलंय?”

“तो न्यायाधीशाचा हातोडा.”

“तुम्ही पाहिलाय?”

आता खरे सांगायचे तर कोर्टात मी वीस-पंचवीस वर्षे जाऊन आलो, पण हातोडा कधी दिसला नाही. आपल्याकडचे न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत, ते सिनेमात. कबुतरे मात्र पुष्कळ पाहिली. आमच्या तालुक्याच्या कोर्टात कौलांखाली त्यांची दहा-बारा बिऱ्हाडे होती, आणि खालच्या दप्तरांवर त्यांनी काय काय केले होते ते फराळाच्या दिवसांत सांगत नाही.

“पण बाकीच्या सगळ्यातून काहीतरी मिळतं,” नात म्हणाली. “अन्न मिळतं, पाणी मिळतं, वीज मिळते. यातून काय मिळतं?”

तेव्हा मी तिला आमच्या बावेची गोष्ट सांगितली. सगळी नाही सांगितली. जे गाळले ते इथे लिहितो आहे.

बाव म्हणजे विहीर. कोकणातल्या वाचकांना हे सांगायला नको. राजापूर तालुक्यातल्या एका गावात आमची साडेतीन एकर जमीन आहे. आजोबा मुंबईला पोस्टात होते. पगारातला रुपया रुपया बाजूला टाकून त्यांनी ती घेतली, हापूसची कलमे लावली आणि जांभ्या चिऱ्यांनी बांधलेली बाव काढली. बावेत उतरायला चौदा पायऱ्या. खालच्या वाडीतली माणसे चैत्र-वैशाखात तिच्यावरच पाणी भरीत. त्यांना कुणी परवानगी दिल्याचे कुठे लिहिलेले नव्हते. कुणाला तशी गरजही वाटली नव्हती.

१९६१ साली आजोबा मृत्युपत्र न करता गेले. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. थोरले माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते मुंबईत. धाकटे काका गावात. आणि सर्वांत धाकटी आत्या, लग्न होऊन पुण्याला गेलेली. अठरा वर्षे सगळे सुरळीत चालले. काकांनी राखण करावी, दरसाल तांदळाचे पोते आणि आंब्याच्या दोन पेट्या मुंबईला पाठवाव्या, अण्णांनी त्या पेट्यांचे चाळभर कौतुक करावे.

पुढे १९७९ साली काकांनी एक फणस तोडून लाकूड विकले. अण्णांचे म्हणणे, “विचारायला हवं होतं.” काकांचे म्हणणे, “अठरा वर्षं राखण केली, तेव्हा कुणी विचारलं?” आता या वयात मला दोघांचेही पटते, ही म्हातारपणाची खोड. त्या वेळी मात्र मला फक्त अण्णांचे पटत होते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. अण्णा शहाणे होते, काकाही शहाणे होते. दोघेही चढले.

वाटपाचा दावा लागला आणि कोर्टाने ‘जैसे थे’चा हुकूम दिला. माणसे खरोखरच जैसे थे राहिली. तेच राग, तीच वाक्ये, तोच फणस. जमीन मात्र राहिली नाही. एका पावसाळ्यात बावेची एक कड ढासळली, आणि तिच्याबरोबर पायऱ्या गेल्या. दुरुस्ती कुणी करायची? आमचे वकील म्हणाले, हात लावू नका, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. काकांचे वकीलही तेच म्हणाले असणार. त्या दोघांचे एकमत झालेले ते एकच कलम. हापूसच्या कलमांवर बांडगुळे चढली. बांडगूळ वेळच्या वेळी छाटले नाही तर फांदी सुकवते हे कोकणात पोरालाही कळते. पण छाटायला झाडावर चढलेला गडी ‘कुणाच्या हुकुमाने चढलास?’ या प्रश्नाला भिऊन उतरला तो परत आला नाही.

१९९० साली सरकारने रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आणली. खड्डे, रोपे, मजुरी, सगळ्याला अनुदान. कोकणातले कितीतरी ओसाड माळ त्या योजनेने काजू-आंब्याखाली आले. आमच्या कुंपणापलीकडचा डोंगर चार-पाच वर्षांत हिरवा झाला. आमच्या अर्जाला सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या पाहिजे होत्या. पंपाला वीज पाहिजे, सह्या आणा. सोसायटीचे कर्ज पाहिजे, सह्या आणा. ज्या दोन माणसांच्या सह्या एका कागदावर यायच्या होत्या, ती एकमेकांना फक्त तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात भेटत, आणि तिथेही दोन टोकांना उभी राहत.

आणि खालच्या वाडीचे काय? ढासळलेल्या बावेत पाणी होते, पण उतरायला वाट नव्हती. वाडीतल्या बायका उन्हाळ्यात पऱ्ह्या ओलांडून पलीकडच्या गावच्या विहिरीवर जाऊ लागल्या. त्या ना वादी होत्या ना प्रतिवादी. दाव्याच्या कागदांत त्यांचे नाव कुठेच नव्हते. शिक्षा मात्र पहिल्यांदा त्यांनाच झाली.

कोर्टाला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. हुकूमनामा झाला, तो अण्णांच्या हयातीतच. दोन भाऊ आणि एक बहीण, तिघांचा सारखा हिस्सा असे त्यात स्वच्छ लिहिले होते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, स्वकष्टार्जित मिळकत मागे ठेवून बाप मृत्युपत्र न करता गेला, तर मुलीलाही मुलाइतकाच हक्क आहे. पण हुकूमनामा म्हणजे वाटप नव्हे. सारा भरणाऱ्या जमिनीचे प्रत्यक्ष तुकडे पाडण्यासाठी कागद कलेक्टरकडे जातात. तिथून मोजणी, मोजणीवर हरकत, हरकतीवर सुनावणी. १९९४ साली अण्णा गेले, २००३ साली काका. वारस म्हणून इकडून मी उभा राहिलो, तिकडून माझा चुलतभाऊ. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणून दादा. भांडणात सुद्धा आम्ही त्याला दादाच म्हणत होतो.

गंमत पाहा. २००७ च्या १५ ऑगस्टला, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगाव समित्या झाल्या, बक्षिसे लागली, आणि खरोखर हजारो भांडणे चावडीवर मिटली. आमच्या गावाच्या वेशीवरही ‘तंटामुक्त गाव’ अशी पाटी लागली. पुढे कित्येक वर्षे मी त्या पाटीखालून कोर्टाच्या तारखेला जात होतो.

शेवटी तिढा सुटायला लागला तो एका पंगतीत. २०१६ साली दादाच्या धाकट्या मुलीचे लग्न झाले. सौ.ने हट्टाने मला नेले. दादा वाढप्याच्या हातून जिलब्यांचे ताट घेऊन स्वतः माझ्या पानाशी आला आणि म्हणाला, “आता पुरे झालं रे.” जिलबीविषयी की दाव्याविषयी ते मी विचारले नाही. रात्री अंगणात बसून आम्ही दोघांनी ठरवूनही टाकले. निम्मे त्याचे, निम्मे माझे.

वकीलसाहेब खूष झाले. म्हणाले, “लोकअदालतीत ठेवू. मात्र हुकूमनाम्यात तिसरा हिस्सा आत्याबाईंचा आहे. तेवढं हक्कसोडपत्र करून घ्या. बहिणी सोडतातच.”

लोकअदालत हे काही सरकारी डोक्यातून निघालेले नाव नव्हे. हरिवल्लभ पारीख नावाचे गांधीवादी कार्यकर्ते १९४९ साली गुजरातेत रंगपूर या आदिवासी गावात आश्रम काढून राहिले. तिथे ते उघड्यावर, सगळ्या गावादेखत तंटे ऐकत आणि दोन्ही पक्षांच्या माणसांना पंच नेमून मिटवीत. उपेंद्र बक्षी या कायदेपंडितांनी १९७६ साली त्यावर निबंध लिहिला, त्याच्या नावातच ‘तक्रार’पासून ‘करार’पर्यंतचा प्रवास आहे. दोन्ही शब्द आपल्याही घरातले! पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आला, तो १९९५ मध्ये अमलात आला, आणि लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ मिळाले. त्यावर अपील नाही. मात्र एक मेख आहे. लोकअदालत न्याय देत नाही. पक्षकारांनी आपसांत केलेली तडजोड नोंदवते. संमती नसेल तर तिला निकाल देण्याचा अधिकारच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली बजावले आहे. म्हणजे तडजोडीला जेवढी अक्कल आणि जेवढी लाज, तेवढीच निवाड्याला.

आमच्या तडजोडीत अक्कल होती. लाजेचे आता सांगतो.

अण्णा आणि काका दोघेही गेल्यापासून भाऊबीजेला आत्याकडे मी जात असे. ती माझ्या डोक्यावर टोपी ठेवून, भावाच्या जागी मला ओवाळी. २०१६ च्या भाऊबीजेलाही गेलो. या खेपेस पिशवीत दोन वस्तू होत्या. वर साडीचा खोका, खाली हक्कसोडपत्राचा मसुदा. ओवाळून झाले. मी तबकात साडी घातली. फराळ झाला, चहा झाला, आणि मग मी तो कागद, पोस्टमनने रजिस्टर पुढे करावे तसा पुढे केला.

“आत्या, एवढी सही हवी होती. मग रजिस्टर करायला तुला गाडीनं नेईन. दाव्याचा निकाल लागतोय.”

चौऱ्याऐंशी वर्षांची आत्या. तिने चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. मला वाटले होते ती शेवटचे पान काढील. तीन पाने वाचायला तिला अर्धा तास लागला. मग म्हणाली,

“बाव कुणाच्या वाट्याला?”

“दादाच्या. मला वरचा मळा.”

“पायऱ्या किती उरल्यात?”

मला सांगता येईना. मी म्हटले, “पाच असतील.”

“चौदा होत्या. मी सात वर्षांची असल्यापासून त्या पायऱ्यांवरनं पाणी आणलंय. अण्णांनी एक घागर आणली नाही, तुझ्या काकानं आणली नाही. ते शाळेत जायचे.” तिने कागद घडी घालून तबकात, साडीवर ठेवला. “सातबाऱ्यावर माझं नाव कुठे आहे रे?”

वाचकहो, सातबारा तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, एकात मालकी, दुसऱ्यात पिके. मालकांचा एक रकाना, आणि बाजूला ‘इतर हक्क’ म्हणून दुसरा. तिथे सोसायटीच्या कर्जाचा बोजा लिहितात, कुणाचा वाटेचा हक्क असला तर तो लिहितात, आणि कित्येक वर्षे बहिणींची नावेही तिथेच लिहीत आले. १९६१ च्या फेरफारात आत्याचे नाव तसेच पडले होते. वर दोघा भावांची नावे. बाजूला, सोसायटीच्या बोजाखाली, बहीण.

मी सांगितले. ती म्हणाली, “मला जमीन नांगरायची नाहीये. पैसेही नकोत. पण तुम्हा दोघांचं भांडण मिटायचं तर मी नाहीशी झाल्यावरच का मिटतं, एवढं मला सांग. मी ‘इतर’ का रे?”

मी सही न घेता निघालो. तिने जाताना नेहमीप्रमाणे लाडू बांधून दिले. ते मला गाडीत खाववेनात.

घरी येऊन सौ.ला सगळे सांगितले. माझी अपेक्षा होती की ती म्हणेल, म्हातारपणी माणूस हट्टी होते. ती काहीच बोलली नाही. भांडी आवरून झाल्यावर म्हणाली, “मीही सही दिली होती. तुम्हाला आठवतं? अठ्ठ्याऐंशीची भाऊबीज. भावानं कागद पुढे केला, मी केली. तेव्हा मला कुणी विचारलं नाही. तुम्हीही नाही.”

मला आठवत होते. त्या दिवशी मी शेजारच्याच खोलीत पत्ते खेळत होतो.

नातीला गोष्ट सांगताना मी हा भाग गाळला तो एवढ्याचसाठी. तिची आजी चार हातांवर चकल्या तळत होती.

मग मी गावी गेलो. दादा प्रथम उसळला. म्हातारीला काय करायची आहे जमीन, तिच्या मुलाने तर गाव पाहिलेले नाही, परक्या घरात हिस्सा जाणार, वगैरे वगैरे. सगळी वाक्ये माझ्या ओळखीची होती. भाऊबीजेच्या आधी माझ्या मनात तीच होती. दादाला दोन मुली, मुलगा नाही. मी एवढेच विचारले, “उद्या तुझ्या मुली कुठल्या रकान्यात जायच्या?” तो उठून गोठ्याकडे गेला. म्हशीला वैरण घालून परत आला तेव्हा बोलला, “तिला विचार, तिला काय हवंय.”

आत्याला काय हवे होते ते तिने वकिलाला लाजवील अशा बंदोबस्ताने सांगितले. तीन सारखे हिस्से. बावेभोवतालचा तुकडा तिचा. बाव मात्र तिघांची, दुरुस्ती तिघांच्या खर्चाने. आणि खालच्या वाडीने पिण्याचे पाणी पूर्वीसारखे भरायचे, हे तोंडी नाही, कागदावर. वकीलसाहेब म्हणाले, वाडी दाव्यात पक्षकार नाही, हे लिहायची गरज नाही. आत्या म्हणाली, “तोंडी होतं म्हणूनच गेलं ना?”

मला वाटते, शांतता म्हणजे भांडणाऱ्यांनी गप्प बसणे, अशी आपली समजूत असते. दादा आणि मी जिलबीच्या पानावर जी केली होती ती तसली शांतता. तिसरीला वगळून दोघांनी केलेली. ती नोंदवली गेली असती, तिच्यावर शिक्काही बसला असता, आणि दहा वर्षांनी आत्याच्या नातवंडांनी नवा दावा लावला असता, तर त्यांची चूक नव्हती. बाव पुन्हा कुणी दुरुस्त करू दिली नसती.

मोजणीदार आला. हल्ली यंत्राने मोजतात; लहानपणी मी साखळी पाहिली आहे. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब नि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. इंग्रजी अमलात, १८३५ च्या सुमारास, गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरकडे जी मोजणी सुरू केली, तिच्यातून आपल्या मुलखातली ही सगळी पद्धत वाढली. ती त्यांनी साऱ्यासाठी केली, आपल्या भल्यासाठी नव्हे, हे खरे. पण कुठला दगड कुणाचा हे भांडणाच्या बाहेर राहून सांगणारे एक दप्तर तिच्यामुळे गावात आले. ‘संस्था’ म्हटले की आपल्याला शाळा, बँक, फार तर सहकारी भांडार आठवते. तलाठ्याचे दप्तर ही संस्थाच आहे, आणि ती नीट चालते की नाही यावर गावातली निम्मी डोकी शाबूत राहतात.

२०१७ च्या डिसेंबरात एका शनिवारी लोकअदालत भरली. कोर्टाच्या आवारात मांडव, टेबलांच्या रांगा, बँकांच्या थकबाकीदारांची गर्दी, चहाचे पेले. आमच्या टेबलाशी एक न्यायाधीश आणि एक वकील. आत्याला पायऱ्या चढवेनात, ती गाडीतच बसून होती. न्यायाधीश कारकुनाला घेऊन स्वतः फाटकापाशी आले, गाडीच्या खिडकीशी वाकले आणि त्यांनी विचारले, “आजी, तुम्हाला हे मान्य आहे? कुणी दबाव आणला नाही ना?” तिने सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले. तिने पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती म्हणाली, “अहो, दबाव मीच आणलाय.” अडतीस वर्षांचा दावा पाऊण तासात मिटला. त्या पाऊण तासातला अर्धा वेळ हसण्यात गेला असावा.

इथेच सगळे गोड झाले असे मात्र समजू नका. निवाडा हातात आला तरी फेरफार व्हायचा होता. तलाठ्याने नोंद धरायची, सर्वांना नोटीस द्यायची, पंधरा दिवस हरकतींची वाट पाहायची, मग मंडल अधिकाऱ्याने मंजुरी द्यायची. कायद्यात हे एवढेच आहे. प्रत्यक्षात आम्हाला चार खेपा पडल्या, कारण एका कचेरीत एका गृहस्थांना आमचा कागद दर खेपेस नवीन वाटे. अखेर २०१८ साली नोंद मंजूर झाली. त्याच सुमारास डिजिटल सहीचा सातबारा निघाला होता. आत्याच्या नातवाने तो मोबाईलवर उतरवून छापून आणला. मालकांच्या रकान्यात तीन नावे. तिने ते आपले नाव बोट लावून वाचले आणि विचारले, “याची दुसरी प्रत मिळते का? एक तुझ्या बायकोला दे.”

प्रत आमच्या घरी आहे. सौ.ने ती कुठे ठेवली आहे ते मी विचारलेले नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात बाव दुरुस्त झाली. गाळ काढायला खालच्या वाडीतून सतरा-अठरा माणसे आली, त्यांनी मजुरी घेतली नाही. दादाने त्यांना जेवण घातले. चिरे नवे आणले. पायऱ्या चौदाच बांधल्या, गवंडी बाराच्या पुढे जायला तयार नव्हता तरी. पंपाला वीज आली, कारण सह्या एका दिवसात झाल्या. वरच्या मळ्यात आता काजू आहेत. फार नाहीत, पण माकडांना पुरून आम्हाला उरतात. कलमांपैकी बांडगुळांनी मारलेली सात गेलीच. ती काही तडजोडीने परत येत नाहीत. आणि खालच्या वाडीतल्या ज्या बायकांनी तीस-पस्तीस उन्हाळे पऱ्ह्यापलीकडून पाणी आणले, त्यांच्या मानेला कुठला निवाडा आराम देणार?

आत्या २०२१ साली गेली. तिच्या जागी आता तिचा मुलगा आणि मुलगी अशी दोन नावे लागली आहेत, एकाखाली एक, एकाच रकान्यात. मुलीला काजूचा भलताच नाद लागला आहे. दर आठवड्याला दादाला फोन करून रोपांची चौकशी करते, आणि दादा तक्रार करतो की ही थेट आत्यासारखी बोलते.

पंपाच्या खोलीत खिळ्याला एक वही टांगलेली आहे. कुणी किती तास पंप चालवला ते तिच्यात लिहायचे आणि त्या हिशेबाने विजेचे बिल वाटून घ्यायचे. दादा लिहितो, मी तपासतो, आत्याची मुलगी आम्हा दोघांना तपासते.

नातीने सोळाव्या चौकोनात कबुतर काढले नाही. तिने बाव काढली, आणि बावेच्या कठड्यावर वही. सौ. म्हणाली, ती बाव कढईसारखी दिसते आहे. नातीने खोडून पुन्हा काढली. आता ती घंगाळासारखी दिसते.

ते चित्र मी फोनवर दादाला पाठवले. त्याचे उत्तर आले ते चित्राविषयी नव्हतेच. यंदाच्या हिशेबात अकरा रुपयांचा फरक पडतो आहे. तो म्हणतो माझी बेरीज चुकली. मी म्हणतो त्याने गणपतीतला एक दिवस दोनदा लिहिला आहे. पाडव्याला तो वही घेऊन येतो आहे. सौ.ला सांगून ठेवले आहे, चकल्या जरा जास्त कर.